माशाची शेपटी आणि धाकटीचे गाल

प्रिय ताई,

तुझ्या बुटकीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. मध्यंतरी इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून राहून पाठ सरळ व्हायचं विसरली आहे, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून वाजतात का? भाऊजींचं पित्त काय म्हणतंय? त्यांना माझा निरोप सांग की जेवल्याबरोबर आडवं होऊन तोंडावर वर्तमानपत्र पसरण्याला वाचन म्हणत नाहीत. इकडे सगळे खुशाल. सासूबाई खुशाल, हे खुशाल, दीर खुशाल, आणि धाकटी जाऊ तर इतकी खुशाल आहे की बघवत नाही. राहता राहिले मी. माझी खुशाली एका ओळीत मावणारी नाही, म्हणून तर एवढे कागद घेऊन बसले आहे.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कसलं लिहितेस? त्याचं कारण असं की फोनवर तू मध्येच ओरडतेस. पत्र वाचताना तू कितीही ओरडलीस तरी मला ऐकू येत नाही. तर आता बस, पाणी पी आणि ऐक. पुढच्या महिन्यात तू येणार. दारात पाऊल टाकलंस की पिशवी खाली ठेवायच्या आधी डावा हात पुढे करणार, मी उजवा करणार, आणि आपण मनगटाला मनगट लावून गोंदलेले मासे भेटवणार, जसे आजवर प्रत्येक वेळी भेटवले. माझ्या लग्नात भर मांडवात भेटवले, बाबा गेले तेव्हाही भेटवले. या वेळी तुझा हात पुढे आला की तुला दिसेल, आणि दारातच दिसण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. माझ्या माशाची शेपटी गेली. मासा आहे. डोळा आहे, पोट आहे, तोंड तुझ्याकडेच आहे. शेपटी तेवढी नाही. आता लगेच फोन उचलू नकोस! आधी सगळं वाच, आणि यात चूक माझी किती आणि धाकटीची किती ते तूच ठरव. (मी ठरवून ठेवलंय. पण तू मोठी, तुझं ऐकीन.)

सुरुवात झाली धाकटीच्या वांगापासून. तिच्या दोन्ही गालांवर वांग होतं ते तू पाहिलंयसच. दुसऱ्या बाळंतपणात आलं ते गेलंच नाही, आणि वर रोज वाफेच्या इस्त्रीसमोर उभी, त्यामुळे चांगलंच फुललं. नाकाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी चहाचा कप टेकवून उचलावा तसं. आता आमचं दुकान ड्रायक्लीनिंगचं, डाग काढणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि घरातल्याच सुनेच्या तोंडावर डाग, हे सासूबाईंना फार लागायचं. गिऱ्हाईक काय म्हणेल, असं त्या म्हणायच्या. मी मात्र तिला कधी एका शब्दाने बोलले नाही. (एकदा बोलले. पण ते चांगल्या मनाने. म्हटलं, अगं हे कपड्यावर असतं तर मी जेवायच्या सुट्टीआधी काढून दिलं असतं. त्यावर ती हसली नाही. विनोदाची जाणच नाही तिला.)

तर एक दिवस दीर तिला स्कूटरवर बसवून कुठेतरी घेऊन गेले. दोघं परत आली ती लपतछपत, मागच्या दाराने, जणू पळून जाऊन लग्न केलंय. तिचे गाल लालबुंद, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर ही एवढी मोठी टोपी. लेसर करून आली म्हणे. त्या लेसरने कातडीखालचा काळा रंग फुटतो आणि हळूहळू उतरतो. एकदा जाऊन भागत नाही, दर काही आठवड्यांनी जावं लागतं, आणि तरीही पुन्हा येणारच नाही अशी खात्री नाही. मी म्हटलं, बरं झालं बाई. मनापासून म्हटलं. तोवर मला त्या कागदाबद्दल माहीत नव्हतं.

कागद म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सूचना. दीरांनी तो सगळ्यांना जमवून मोठ्याने वाचून दाखवला. उन्हात जायचं नाही. गॅससमोर उभं राहायचं नाही. वाफेजवळ तर अजिबात जायचं नाही, कारण उष्णता लागली की वांग परत उसळतं आणि केलं ते सगळं पाण्यात. त्यावर सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला की आजपासून धाकटी काउंटरवर आणि थोरली इस्त्रीवर. थोरली म्हणजे तुझी बहीण. सकाळचा स्वयंपाक धाकटीकडे असायचा, तोही माझ्याकडे. माझं मत कोणी विचारलं नाही. हे तर त्या वेळी कोटाच्या बटणाकडे असे बघत होते की जणू जगात तेवढंच एक बटण उरलंय.

ताई, तुला माझा काउंटर माहीत आहे. लग्न होऊन आल्यापासून मी तिथे बसले. डोक्यावर पंखा, समोर रस्ता, हाताशी पावत्यांची पेटी. कोणाच्या कॉलरला कसला डाग आहे हे मी पाहते, ओळखते आणि गप्प बसते, म्हणून अर्धा मोहल्ला मला वचकून असतो. दुकानाची इज्जत म्हणजे ती खुर्ची. आणि त्या खुर्चीत आता ती बसली, टोपी घालून! मी मागच्या खोलीत. ती खोली तू पाहिली आहेस, एका बाजूला धुण्याचं यंत्र, एका बाजूला माझं डाग काढायचं टेबल, मध्ये वाफेची इस्त्री, आणि खिडकी म्हणजे जेमतेम मांजर जाईल एवढी. आतून मला फक्त तिची पाठ दिसायची आणि गिऱ्हाइकांची तोंडं दिसायची. त्या तोंडांवर जे दिसायचं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली की संध्याकाळचं ऊन काउंटरवर येतं, गालाला लागतं. दुसऱ्या दिवशी पडदा! छान जाड पडदा, निळा, वर कडी, खाली झालर. अगं, मी कित्येक वर्षं तो पडदा मागत होते. माझे डोळे दिपायचे, डोकं दुखायचं, तेव्हा हे म्हणायचे की पडदा लावला तर दुकान बंद आहे असं वाटेल. आता नाही वाटत बंद? मी हे यांना विचारलं. यांनी सांगितलं की तिचं वैद्यकीय आहे. तेव्हापासून ताई, मला वैद्यकीय काहीतरी हवं झालं.

आणि ते मलम! उन्हापासून बचावाचं. दर काही तासांनी लावायचं, म्हणून तिने फोनमध्ये गजर लावला. गजर वाजला की दुकान थांबतं. गिऱ्हाईक हातात शर्ट धरून उभं, आणि बाईसाहेब आरशात बघून गालांना ठिपके ठिपके लावताहेत. आणि गिऱ्हाईक रागावत नाही, उलट कौतुकाने बघतं! हळूहळू वांग खरंच उतरायला लागलं. आधी कडा विरल्या, मग मधलं फिकं झालं. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा पांढरा कोट टाकायचे ते आता रोज काही ना काही घेऊन येऊ लागले. एकदा टाय घेऊन आले. धुतलेला होता. मीच धुतला होता. मला ते कधी म्हणाले नव्हते की आज प्रसन्न दिसता. मी त्यांच्या कोटावरचे काय काय डाग काढलेत ते एकदा भर रस्त्यात सांगितलं तर...! पण जाऊ दे. मी तशी नाही.

खोटं कशाला सांगू, मी जळले. सरळ जळले, आतून बाहेरून. रोज सकाळी ती चहाला आली की मी तिच्या गालांकडे बघायची, उतरलंय का आणखी? उतरलेलं असायचं. माझा चहा कडू व्हायचा.

शेवटी विचार केला की त्या कागदासाठीच जर सगळं असेल तर कागद मीही आणीन. धाकटी ज्या दवाखान्यात जाते तिथेच गेले, घरी सांगितलं की धाग्यांची रिळं आणायला जाते. ताई, त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एकदा बसून ये. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या, आणि तिथे कोणीच स्वतःसाठी आलेलं नसतं. जो तो दुसऱ्या कोणासाठी तरी चौकशीला आलेला. शेजारी एक पहिलवान बसला होता, दंडावर आख्खा वाघ, जबडा उघडलेला. त्याने मला आपणहून सांगितलं की वाघ काढायचा आहे, कारण होणाऱ्या सासूबाई त्याच्याशी बोलताना वाघाकडे बघूनच बोलतात. बिचारा रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, माझंही थोडंसं सासरचंच आहे.

डॉक्टरीणबाई तरुण, चटपटीत, केस वर बांधलेले. त्यांनी मला दिव्याखाली बसवलं आणि भिंगातून माझं तोंड असं न्याहाळलं जसं मी गिऱ्हाइकाचा रेशमी झब्बा न्याहाळते. मग म्हणाल्या की तुमची त्वचा फारच छान आहे, काहीही करायची गरज नाही. ताई, माझा आजवर इतका अपमान कोणी केला नव्हता. मी म्हटलं, नीट बघा, कुठेतरी असेल. कानामागे? मानेवर? नाही. एक तीळ निघाला, तोही त्यांनी नाकारला. मी हिरमुसून पर्स उचलली, बाही वर सरकली, आणि त्यांची नजर माशावर गेली. हा काढायचाय का, असं त्यांनी विचारलं.

इथे थांब. देवाशपथ सांगते, त्या घटकेपर्यंत माझ्या मनात मासा नव्हता. तुला आठवतं ना आपण तो कसा काढून घेतला? बाजारात, चपलांच्या दुकानाबाहेर तो स्टुलावर बसलेला माणूस, त्याचं ते गुरगुरणारं यंत्र. तुला गुलाब हवा होता, मला चांदणी हवी होती, आणि त्याला फक्त मासाच येत होता. घरी गेल्यावर आईने लाटणं घेतलं, तू मला पाठीशी घातलंस, आणि दोघींचा मार एकटीने खाल्लास. मी त्या माशावर पावडरसुद्धा कधी लावली नाही, लग्नात फोटोवाला लाव म्हणाला होता तरी. पण त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काउंटर आला, पंखा आला, निळा पडदा आला, आणि मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. तू तिथे असतीस तर माझ्या कानाखाली एक दिली असतीस आणि सगळं निभावलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. काळी शाई, जुनी, रस्त्यावर काढलेली, म्हणजे निघायला सोपी. हिरवी असती तर जास्त छळली असती. लेसरने शाईचे कण बारीक फुटतात आणि मग शरीर ते आपलं आपण वाहून नेतं. मी विचारलं, कुठे नेतं? तर म्हणे बरीचशी शाई काखेतल्या गाठींपर्यंत जाऊन बसते. म्हणजे ताई, शेपटी अगदीच गेलेली नाही. माझ्या काखेत आहे. हा तुला काही दिलासा असेल तर घे.

आता बघ, सवय माणसाला कशी दगा देते. आपल्या धंद्यात नव्या कपड्यावर औषध टाकायचं तर आधी आतल्या शिवणीवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक थेंब टाकून बघतात. मी रुबाबात तेच सांगितलं. म्हटलं, बाई, आधी आतल्या बाजूला करून बघा. त्या म्हणाल्या, आम्हीही तसंच करतो, सांगा कुठे. आणि मी शेपटी दाखवली. तोंड मनगटाकडे, शेपटी कोपराकडे, बाहीखाली झाकली जाते, म्हणजे तीच आतली शिवण. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला. डाग काढायला आलेल्या बाईच्या हे लक्षातच आलं नाही की हा डाग नाही.

लेसर कसा असतो ते सांगते म्हणजे तू कधी त्या फंदात पडणार नाहीस. डोळ्यांवर जाड चष्मा चढवतात, हातावर गार हवेचा झोत सोडतात, आणि मग टक् टक् टक्. प्रत्येक टक् म्हणजे कोणीतरी रबर ताणून सोडावा आणि वर तेलाचा थेंब उडावा. शेपटीवर पांढरा फेस धरला. आणि वास! करपलेल्या कॉलरचा वास. मी सवयीने किंचाळले, अहो, इस्त्री उचला! डॉक्टरीणबाई दचकल्या आणि त्यांनी खरंच यंत्र उचललं. तेवढ्यात माझी अक्कल परत आली. मी म्हटलं, आज एवढंच पुरे.

पट्टी बांधून त्यांनी मला कागद दिला. मी दारातच उभी राहून पुढून मागून वाचला. मलम लावा, पट्टी ओली करू नका, फोड आला तर फोडू नका, ऊन लागू देऊ नका. गॅसचा उल्लेख नाही. वाफेचा नाही. मी परत आत गेले आणि विचारलं की इस्त्रीचं काय? त्या हसून म्हणाल्या, हात झाकून ठेवा आणि खुशाल सगळी कामं करा, घरी बसायची काही गरज नाही. म्हटलं, बाई, हे लिहून मात्र देऊ नका.

म्हणजे झालं काय? शेपटी गेली, हात सुजला, फोड आला, आणि मी परत इस्त्रीवर, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, घरात कोणाला काही कळू नये म्हणून तोंड दाबून. दुसऱ्या दिवशी वाफेची नळी जरा तिरकी झाली, वाफ सरळ बाहीवर आली, आणि मी जी बोंब मारली ती रस्त्यापलीकडे गेली. धाकटी काउंटरवर होती. गजर वाजलेला, मलमाचं झाकण उघडं, समोर दातांचे डॉक्टर एक मोजा घेऊन उभे. ती सगळं टाकून आत आली. टोपीसुद्धा तिथेच पडली. माझी बाही वर केली, पट्टी पाहिली, आणि मला बाजूला सारून स्वतः इस्त्रीला उभी राहिली. मी म्हटलं, अगं वाफ! ती म्हणाली, गप्प बसा हो तुम्ही. मला! थोरल्या जावेला!

ढिगात एका लग्नघरचे कपडे होते, संध्याकाळी द्यायचे. ती भराभरा इस्त्री करत सुटली, आणि ताई, मी तिच्या गालांकडे पाहिलं. ते लाल व्हायला लागले होते. एवढे महिने ऊन टाळलं, चुलीपासून लांब राहिली, यंत्राचे चटके खाल्ले, आणि आता वाफ तोंडावर येत होती. मला आनंद व्हायला हवा होता की नाही, तूच सांग? झाला. एक क्षण झालाही. आणि मग मी धावत जाऊन तिच्या हातातली इस्त्री धरली. ती सोडेना. मीही सोडेना. ती म्हणते तुमचा हात, मी म्हणते तुझे गाल, अशी आमची ओढाताण चाललेली, आणि दारात डॉक्टर मोजा छातीशी धरून बघताहेत. या सगळ्या गडबडीत इस्त्री कोणाचंच न ऐकता नवरदेवाच्या पांढऱ्या विजारीवर बसली. उचलली तेव्हा तिथे अख्ख्या इस्त्रीची आकृती उमटली होती, टोकासकट. तेवढा एक डाग मात्र आमच्या घराण्यात कोणाला काढता येत नाही.

मग आम्ही दोघी तिथेच कपड्यांच्या गाठोड्यांवर बसलो. तिने गालांना ओला रुमाल लावला, मी हाताला फुंकर घातली. तिने विचारलं, पट्टीखाली काय? मला खोटं सुचेना, सगळं सांगितलं. कागद, काउंटर, पडदा, सगळं. मला वाटलं हसेल. ती रडायला लागली. म्हणाली, ताई (मला ती ताईच म्हणते, आणि मला दर वेळी वाटतं की हाक तुला मारली), तुमची बहीण आली की तुम्ही दारात मासे भेटवता ना, तेव्हा मी कुठे उभं राहायचं ते मला कधी कळलंच नाही, म्हणून मी चहा टाकायला जाते. तू कधी आलीस आणि चहा आयता मिळाला नाही असं झालंय का, आठवून बघ. मला वाटायचं की तिला चहाची हौस. आणि म्हणाली, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं तुमच्यावर जळले ते तुम्ही माझ्या खुर्चीपायी पुसून आलात? ती माझ्यावर जळत होती, ताई! चांगले कोरे गाल घेऊन! मला इतकं वाईट वाटलं आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता घरची परिस्थिती अशी. सासूबाईंना सगळं कळलं. (विजार लपवता आली नाही. नवरदेव उंच, बदली दिलेली दुसरी त्याला पुरेना.) त्यांनी दोन्ही मुलांना इस्त्रीवर उभं केलं आणि काउंटरवर स्वतः बसल्या. पडदा पुरता ओढून घेतात. दातांचे डॉक्टर परत आठवड्यातून एकदा येतात. यांना वाफेने घाम फुटतो, दीरांच्या चष्म्यावर धुकं धरतं, आणि दोघेही दिवसातून तीनदा विचारतात की वैद्यकीय कागद पुरुषांना मिळतो का. धाकटीचा डावा गाल त्या दिवसाने जरासा परत काळवंडला. डॉक्टरीणबाई तिच्यावर रागावल्या, पण हळूहळू उतरेल म्हणाल्या. मी अजूनही रोज सकाळी चहाला तिच्या गालाकडे बघते. आज बराच फिका होता. चहा बरा लागला.

आणि मासा? खपली पडली, शेपटी विरली. पुढची वेळ दिली होती तिला मी गेले नाही. हे म्हणतात, आता तो बटाट्यासारखा दिसतो, डोळा असलेला. त्यांच्याशी मी बोलत नाहीये. ताई, तू रागाव. हवं तेवढं रागाव. पण हात पुढे करायचं सोडू नकोस. तू दारात आलीस आणि हात मागे ठेवलास तर मला सहन होणार नाही. तोंड तरी शाबूत आहे गं, आणि भेटतात ती तोंडंच.

भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझीच
बुटकी

ता. क. आईला यातलं काही कळता कामा नये. तेव्हा काढला म्हणून मार मिळाला, आता पुसला म्हणून मिळेल.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. इथे एक गोंदणारी आहे, चांगली, स्वच्छ सुया वापरणारी. ती म्हणाली की कातडी पुरती बरी झाली की शेपटी परत काढता येईल, पण मूळ नमुना हवा. शेपटीला खवले होते की नुसत्या रेघा? मला आठवत नाही, आणि हे कबूल करायची लाज वाटते. तर येताना हात घेऊन ये. म्हणजे येशीलच, पण लांब बाह्यांचं घालून येऊ नकोस.

ता. क. ३. आता खरं कारण, ज्यासाठी पत्र लिहिलं. धाकटी तिसरा मासा मागते आहे. तिच्याही हातावर, तसाच. मला सरळ विचारलं, काढू का म्हणून. मी म्हटलं, मासा ताईचा आहे, ताईला विचारून सांगते. तर ताई, तू नाही म्हण. मला म्हणता येत नाही, ती फार आशेने बघते. तू मोठी आहेस, तुझ्या नावावर नाही खपून जाईल आणि मी चांगली राहीन. नीट स्वच्छ अक्षरात लिही, म्हणजे तिला वाचून दाखवता येईल. मासे दोनच. आपले.

ता. क. ४. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात ती आली, माझी बाही वर केली, मलम लावलं, आणि माझ्या हातावर फुंकर घालत बसली. तिच्या स्वतःच्या मलमाचा गजर वाजून गेला तरी उठली नाही. मीच उठवलं. तर तू हो म्हटलंस तरी चालेल. पण तिचा मासा आपल्यापेक्षा लहान हवा, आणि हे तू सांगितलंस असं असू दे.